कॅलरी मोजायच्याच नाहीत?

‘कीटोमध्ये इन्सुलिन खाली आलं की कॅलरींचा हिशोब लागूच होत नाही’ हे कीटोवरच्या (म्हणजे अगदी कमी कार्ब्ज आणि भरपूर फॅटच्या आहारावरच्या) लेखातलं वाक्य काही पटलं नाही. भूक मरते हे शंभर टक्के मान्य, मी स्वतः कीटोवर आहे आणि कधीकधी जेवायची आठवणही राहत नाही. पण मग आपण मुळातच कमी खातो, वजन त्यानेच उतरतं! माझ्या बहिणीचा काटा मध्यंतरी हलेना. कार्ब्ज २० ग्रॅमच्या आत, नियम अगदी काटेकोर. पण कॉफीत लोणी, सॅलडवर सढळ हाताने तेल आणि येता-जाता बदाम. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, मूठभर बदाम १७० च्या आसपास. हे कोणी धरतच नाही.

पहिल्या आठवड्यात उतरलेल्या किलोंचं कौतुकही जरा जास्तच झालंय. त्यात बरंचसं ग्लायकोजेनसोबतचं, म्हणजे शरीरात साठवलेल्या कार्ब्जसोबतचं पाणी असतं. संशोधक केविन हॉल यांच्या २०१६ च्या अभ्यासात १७ पुरुषांना आधी जास्त कार्ब्जचा आणि मग तितक्याच कॅलरींचा कीटो आहार दिला होता. इन्सुलिन उतरलं, पण चरबी घटण्याचा वेग काही वाढला नाही. लेखात याचा उल्लेख हवा होता.

बाकी रोज प्रत्येक घास ॲपमध्ये भरत बसा असं मीही म्हणणार नाही, तो वैतागच आहे. वजन उतरतंय तोवर खुशाल मोजू नका. अडलं, तर आठवडाभर निदान तेल, चीज आणि सुकामेवा तरी वजनकाट्यावर ठेवून बघा.