चाकू घ्यावा खटका पाहून

जंगलात तग धरण्यासाठी घडीचा चाकू घ्यायचा ठरवला की माणूस आधी दुकानात हरवतो, जंगलाची पाळी नंतर येते. एकाच मुठीत शिट्टी, होकायंत्र, चकमक, बाटलीची उघडणी, सीटबेल्ट कापायचा आकडा आणि गाडीची काच फोडायचं टोक. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत गाडी कुठून आणायची, ते खोक्यावर छापलेलं नसतं. शिट्टी वेगळी घ्या आणि गळ्यात अडकवा. काळोखात तोंडाशी चाकू धरून शिट्टी फुंकणाऱ्याच्या मदतीला कोण धावून येईल?

मूळ मुद्दा असा, की घडीचा चाकू हा आधीच मोडलेला चाकू असतो. तो तुमच्या मर्जीने मिटतो की स्वतःच्या, एवढंच बघायचं. म्हणून पात्याची चकाकी नंतर पाहा. आधी सांधा आणि खटका, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ.

स्वित्झर्लंडच्या लाल मुठीच्या चाकूवर माझा जीव आहे. त्याच्या अधिकारी-आवृत्तीची नोंदणी १८९७ची. पण त्याच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या प्रकाराला खटकाच नाही. पातं नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभं असतं. टोमॅटो कापाल तोवर ठीक. पट्ट्याला भोक पाडायला टोक दाबलंत, की पातं घरी परततं आणि वाटेत तुमची बोटं असतात.

दुसरा प्रकार आतल्या पट्टीचा. पातं उघडलं की मुठीतली पातळ पट्टी सरकून त्याच्या बुडाखाली उभी राहते. मिटवताना ती अंगठ्याने बाजूला सारायची, आणि तो अंगठा नेमका पात्याच्या वाटेत. पट्टी सरली की लगेच अंगठा काढायचा, मग दुसऱ्या हाताने पातं मिटवायचं. हे दमलेल्या माणसाने रात्री नऊ वाजता करायचं असतं. मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका मला जास्त पटतो, पण त्याच्या खाचेत वाळूचा कण गेला की तो अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेला खटका पूर्ण बसल्यासारखाच दिसतो.

सगळ्यात साधी युक्ती ओपिनेल नावाच्या चाकूची, फ्रान्सच्या साव्हुआ भागातली. सांध्याभोवती पोलादी कडं, ते फिरवलं की पातं पक्कं. १९५५पासून हेच चालू आहे. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. वजन नगण्य. खोट एकच: मूठ बीच लाकडाची. आषाढात सह्याद्रीवर ते लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं अडकून बसतं. मग मुठीचं बूड दगडावर ठकठक आपटायचं, पातं नखाइतकं बाहेर येतं. तिकडचे लोकही हेच करतात. पावसाळ्याआधी कोरड्या सांध्यात जवसाचं तेल मुरवलं तर फुगणं कमी होतं.

दुकानात चाकू उघडा, मूठ घट्ट धरा आणि पात्याचं टोक डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचित हललं तर सांध्याचा स्क्रू पाव फेरा आवळून भागतं. वर-खाली हललं तर खटकाच ढिला. चाकू खाली ठेवा, सवलत कितीही असो. मग बोटं पात्याच्या वाटेतून काढून पात्याची पाठ काउंटरवर हलकेच दाबा. दुकानदार काच वाचवायला पुढे येईल. येऊ दे. शेवटी ओल्या हाताने उघडून पाहा. नखाने उघडायची बारीक खाच गारठलेल्या बोटांना सापडत नाही.

पोलादाची नावं परीक्षेच्या आसनक्रमांकासारखी असतात: ८सीआर१३एमओव्ही, १४सी२८एन. एवढंच विचारा, गंजतं का आणि कडकपणा किती. रॉकवेल मापाने ५६ ते ६० पुरे. त्याहून मऊ असेल तर धार वळते. फार कडक असेल तर धारेचे टवके उडतात आणि सहाणेवर घाम निघतो. गंजणारं कार्बन पोलाद धार झकास घेतं, पण कोकणातल्या एका ओल्या रात्रीत त्यावर तांबूस नक्षी उमटते. पातं ७ ते ९ सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास. काळा मुलामा दिलेलं ‘लष्करी’ पातं गवतात पडलं की शत्रूलाच काय, मालकालाही दिसत नाही. भगवी मूठ घ्या, नाहीतर भडक दोरी बांधा. विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत, नाहीतर तो विमानतळालाच भेट दिला समजा.

पात्याच्या पाठीवर दांडका हाणून ओंडका फोडणारे व्हिडिओ पाहू नका. तो सगळा मार सांध्याच्या खिळीवर बसतो; खिळी वाकली की चाकूची लेखणी होते. त्या कामाला कोयता. पायथ्याच्या गावातला वाटाड्या तो कमरेच्या आकडीत अडकवून चालतो आणि आपल्या चकचकीत पात्याकडे पाहून फक्त हसतो.

धारेला कोन प्रत्येक बाजूने साधारण २० अंश. मापायला काही नको: पातं सहाणेवर काटकोनात उभं धरा, निम्मं कलवा, पुन्हा निम्मं, साडेबावीस झाले. कोन धरून सारख्या दाबाने घासा.

एवढा शोध घेऊन आणलेला चाकू खऱ्या जंगलात काय करतो? सुटलेल्या बुटाच्या तळव्याला बांधायला दोरी कापतो, चिकटपट्टी कापतो, नूडल्सचं पाकीट फोडतो आणि खिचडीचा कांदा चिरतो. कांद्याचा रस सांध्यात उतरतो. पाणी ओता, आत-बाहेर करून झटका, फडक्याने पुसा, थेंबभर खोबरेल सोडा. आळस केलात तर सकाळी त्याच पात्याने चहासाठी आलं चिरलं जातं आणि तंबूतले सगळेजण कप हातात धरून एकमेकांकडे पाहत बसतात.