ईश्वरी योजना आणि आमचे तात्या

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या रात्री, देवीची आरती ऐन रंगात आलेली असताना, माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, माझ्या हातातले कासाळे, म्हणजे झांज, काढून घेतले आणि शेजारच्या घरून आरतीला आलेल्या, अजून दुधाचे दात पडत असलेल्या एका मुलाच्या हाती दिले. त्यासाठी ते थांबले नाहीत की त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलेही नाही. त्यांचा गळा आरतीत होता, नजर देवाकडे होती आणि हात तेवढा माझ्या हातावर आला. माझा ताल चुकत होता असे त्यांचे म्हणणे आहे. तात्यांची लय वाढत गेली आणि मी मूळ लयीशी एकनिष्ठ राहिलो, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी बदलणार नाही.

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूची घुमट आरती ज्यांनी ऐकलेली नाही, त्यांना या प्रसंगातली बोच कळणार नाही. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असे मातीचे भांडे. त्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिल्यामुळे आता बकऱ्याच्या कातड्यावर भागवावे लागते, आणि "तो आवाज आता राहिला नाही," असे दर चवथीला कोणी तरी घोरपडीवर उपकार केल्यासारखे म्हणतोच. 2019 साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. शामेळ, म्हणजे साथीचा ढोल, वाजवणाराही मान राखून असतो. कासाळे मात्र ज्याला दुसरे काही येत नाही त्याच्याकडे देतात, असा आमच्या घरचा रिवाज आहे. म्हणजे माझी पदावनती झाली ती शेवटच्या पायरीवरून. मग मी टाळ्या वाजवू लागलो, तर त्याही जरा हळू वाजवाव्यात अशी सूचना तात्यांनी भुवयांनी केली.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, कारण भाऊबंदांच्या मूळ घरात वर्षातून एकदा जाणाऱ्या पणजीकराने फार मानापमान ठेवायचे नसतात. परंतु आमच्या घरात आत्या आहे. ती सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिला वर्ग मिळेनासा झाल्यामुळे तिने सगळ्या कुटुंबाचाच वर्ग केला आहे, आणि घरात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून देवाला काय शिकवायचे आहे ते ती आम्हांला समजावून सांगते. एका जत्रेत तिच्या नव्या चपला गेल्या, तेव्हा अनवाणी घरी येऊन तिने वैराग्यावर इतके सुरेख विवेचन केले की माझी वहिनी डोळे पुसू लागली. दुसऱ्या दिवशी त्या चपला कोणी नेल्या असाव्यात याचा तपास तिने नावानिशी केला, हा भाग वेगळा.

आरती संपल्यावर ती मुद्दाम माझ्याशेजारी सोप्यावर येऊन बसली. हातातल्या पातोळीवरचे हळदीचे पान ती सावकाश सोलत होती. पानाच्या शिरा पातोळीच्या पांढऱ्या अंगावर जशाच्या तशा उमटल्या होत्या.

"बाबू, वाईट वाटले?"

"नाही."

"वाटले आहे. कान लाल झाले आहेत तुझे. पण एक लक्षात घे. देवाने तुझ्या हातातून कासाळे काढून घेतले, ते उगीच नव्हे."

"देवाने नाही, तात्यांनी काढून घेतले."

"तात्या निमित्त रे."

"निमित्ताने माझी करंगळी पिरगळली."

"हात रिकामे झाल्याशिवाय ते जोडता येत नाहीत," आत्या म्हणाली, आणि ते वाक्य तिचे तिलाच इतके आवडले की कोणी ऐकले का, हे तिने मान वळवून पाहिले. कोणी ऐकले नव्हते. तिने वहिनीला हाक मारून बाहेर बोलावले, तेच वाक्य पुन्हा म्हटले आणि उदाहरण म्हणून माझ्याकडे बोट दाखवले. वहिनीच्या हातात पिठाने बरबटलेला झारा होता. ती "होय, होय," म्हणून आत गेली.

तात्यांचे हात देव कधी रिकामे करणार आहे, असे मी विचारले. त्यावर आत्या थेट सोळाव्या शतकात गेली. वादात हरण्याची वेळ आली की ती तिकडेच जाते.

"1560 साली पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, ते धर्मन्यायालय, आले. मंगेशाने कुठ्ठाळी सोडली, शांतादुर्गेने केळशी सोडली, जुवारी नदी ओलांडून दोघे अंत्रुजात, म्हणजे इकडे फोंड्याला आले. ज्यांना मूर्ती पुजण्याची चोरी होती त्यांनी कागदावरचा गणपती पुजला. त्यांनी कुरकुर केली?"

"केली असणार. लिहून ठेवायला फुरसत नसेल."

"आणि तू एका कासाळ्यावरून तोंड पाडून बसतोस!"

"आत्या, त्यांच्यावर परकी राजवट चालून आली होती. माझ्यावर सख्खा चुलता चालून आला."

"बघ, म्हणजे तुझे किती सोपे आहे!"

यावर काय बोलणार? तरीही थट्टा बाजूला ठेवून एक विचारावेसे वाटते. देवाचे हे धडे दरवेळी एकाच पत्त्यावर कसे येतात? ज्याचा पाणउतारा झाला त्याला नम्रता, जिची झोप गेली तिला सेवा, ज्याच्या वाट्याची फणसाची बाग भावाने दाबली त्याला निर्लोभता. पाणउतारा करणाऱ्याला, झोप मोडणाऱ्याला आणि बाग दाबणाऱ्याला देव आजवर काहीच शिकवायला गेलेला नाही. तात्यांना आत्याने कधी एखादा धडा दिल्याचे मला आठवत नाही, कारण तात्या फटकन उलट बोलतात.

माझे तर एक कासाळेच गेले. माझी बायको आणि वहिनी पहाटेपासून चुलीपुढे होत्या. खतखत्याच्या भाज्या चिरून झाल्या, तर नेवऱ्या तळायच्या होत्या. नेवऱ्या झाल्या, तर पुरुषांची पंगत मांडायची होती. आणि पंगत मांडावी तर बाहेर कोणाला तरी आणखी एका देवाची आरती राहिल्याचे स्मरण होई. झाकलेला भात ताटकळत होता. त्या दोघी जेवायला बसल्या तेव्हा खतखत्यात तिरफळेच काय ती उरली होती. आत्या मायेने म्हणाली, "अन्नपूर्णेचे भाग्य लागते हो याला."

बायको वरणाचे पातेले खरवडत म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी हे भाग्य तात्यांना मिळू दे."

आत्याला पटकन काही सुचले नाही. बायकोने मग शांतपणे सुचवले की निर्णय आपण घेऊच नये, देवळात जाऊन कौल लावावा. आमच्याकडे लग्न, जमीन, घराचा पाया, सगळे काही देवाला विचारून होते. भटजी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार. उजवी पडली तर पुढच्या चवथीला तात्या चुलीपुढे बसतील.

आत्या गंभीर झाली. "असल्या गोष्टीत देवाला घालायचे नसते," ती म्हणाली.

मग कासाळ्यात त्याला कोणी घातले होते, असे मी विचारले. आत्याने माझ्या ताटात आणखी एक पातोळी वाढली आणि बागेत यंदा हळद चांगली आली आहे असे ती म्हणाली.