खुलासा: प्युरोमायसिनचा ठिपका म्हणजे प्रथिन बनण्याची जागा नव्हे

बायोटेकच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पेशींना आधी एमेटिन द्या, मग प्युरोमायसिन. मायक्रोस्कोपखाली जिथे ठिपका चमकेल, तिथेच प्रथिन तयार होतंय.’ एमेटिन आणि प्युरोमायसिन ही दोन्ही प्रथिननिर्मिती रोखणारी रसायनं. मेसेजमधला ‘तिथेच’ चुकीचा आहे.

प्युरोमायसिनची रचना टायरोसिन हे अमिनो आम्ल वाहणाऱ्या टीआरएनएच्या (अमिनो आम्लं आणून देणाऱ्या रेणूच्या) टोकासारखी असते. रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, फसतो, प्युरोमायसिनच अर्धवट प्रथिनाच्या साखळीला जोडतो आणि साखळी सुटते. मग प्युरोमायसिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीने तिचा माग काढायचा. एमेटिन दिलं की साखळी रायबोसोमवरच अडकून राहते, असं बरीच वर्षं धरलं जायचं. मेसेजमध्ये तेच आलंय, त्यामुळे लिहिणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण 2020 मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात दोन वेगळ्या गटांनी दाखवलं की एमेटिन किंवा सायक्लोहेक्झिमाइड (तसंच दुसरं रसायन) असूनही साखळ्या सुटतात. पेशी फिक्स होईपर्यंत (रसायनाने आहे तशा गोठवेपर्यंत) त्या कुठल्या कुठे गेलेल्या असू शकतात.

म्हणून पद्धतच मोडीत काढायची गरज नाही. एकूण प्रथिननिर्मिती वाढली की घटली, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत) पाहायला ती चालते. 2009 ची ‘सनसेट’ पद्धत हीच. प्युरोमायसिन न दिलेल्या पेशींची लेन (ब्लॉटवरचा रकाना) मात्र तुलनेला शेजारी हवीच. आणि ग्लुकोज न देता उपाशी ठेवलेल्या पेशींत हिच्यावर विसंबू नका, तिथे ती फसवते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.