राउटर बदलण्याआधी मेन स्विच बंद करून बघा

इंटरनेट मध्येच तुटतं, लँडलाइनवर खरखर येते, व्हिडिओ कॉलवर समोरचा म्हणतो, "तुझ्या मागे घूं घूं कसलं चाललंय?" अशा वेळी आधी कंपनीला शिव्या आणि मग नवा राउटर, हा ठरलेला क्रम. मला तो अजिबात पटत नाही. गडबड करणारी वस्तू बऱ्याचदा आपल्याच घरात, आपल्याच एक्स्टेन्शन बोर्डवर असते, आणि ती सापडेपर्यंत एक पैही खर्च करू नये.

माझा पहिला संशय नेहमी स्वस्त अडॅप्टरवर. चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, सेट-टॉप बॉक्सचा ठोकळा, हे सगळे आतमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज उतरवतात. त्यातून निघणारा गोंगाट अडवायला फिल्टर लागतो, आणि स्वस्तात बनवणारा सगळ्यात आधी तोच गाळतो.

हा गोंगाट कानाने ऐकता येतो. बॅटरीवरचा जुना रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा लावा आणि घरभर फिरा. वस्तूजवळ जाताच खरखर वाढली की तिचा प्लग काढून बघा. रेडिओ हातात फिरवूनही पाहा. आतल्या अँटेनाच्या दांडीचं टोक गोंगाटाच्या दिशेला आलं की आवाज पडतो, त्यावरून दिशेचा अंदाज येतो. काहीच हाती लागलं नाही तर मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर दोषी घरातलाच. मग सगळ्या एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातले प्रत्येक भागाचे छोटे स्विच, बंद करून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी चालू करत जा.

तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या डीएसएल इंटरनेटला या प्रकाराचा फार त्रास होतो, कारण एडीएसएल हा त्यातला प्रकार साधारण 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरतं आणि मीडियम वेव्ह त्याच पट्ट्यात येतं. वेल्समधल्या अबरहोसन गावाचा किस्सा 2020 साली बातम्यांत गाजला होता. रोज सकाळी सातला अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. हे दीड वर्ष चाललं, केबलसुद्धा बदलून झाली. शेवटी इंजिनिअर मंडळी स्पेक्ट्रम अॅनलायझर, म्हणजे रेडिओ लहरींचा गोंगाट दाखवणारं यंत्र, घेऊन भल्या पहाटे गावात हिंडली, तेव्हा सापडला एका घरातला जुना टीव्ही! मालक रोज सातला तो लावायचे. बिचाऱ्यांना काही कल्पनाच नव्हती.

फायबर असेल तर घरापर्यंत येणाऱ्या तारेची ही काळजी नाही, कारण काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला विजेचा गोंगाट लागत नाही. वायफायचं दुखणं मात्र वेगळं, तिथे रेडिओ उपयोगाचा नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वायफायच्या 2.4 च्या पट्ट्यातच. अन्न गरम करताना कॉल अडकत असेल तर 5 गिगाहर्ट्झवर जा, विषय संपला. यूएसबी 3 ची हार्ड डिस्क किंवा तिची केबलही 2.4 च्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने 2012 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं, तरी लोक डिस्कला खेटून वायरलेस माउसचा डोंगल लावतात आणि माउसला नावं ठेवतात. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब न्या.

दोषी सापडला की उपाय साधे असतात. अडॅप्टर चांगल्या प्रतीचा घ्या. टेलिफोनची किंवा नेटवर्कची केबल विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. केबलवर फेराइटचा मणी, म्हणजे गोंगाट अडवणारं चुंबकीय पदार्थाचं कडं, बसवत असाल तर केबल त्यातून दोनदा न्या, गोंगाटाला होणारा अडथळा साधारण चौपट होतो. आणि 'सिग्नल वाढवणारे' स्टिकर? कचऱ्यात टाका.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. स्पीकरची घूं घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला काही 'जाणकार' बिनधास्त देतात. आवाज जाईलही, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगावर वीज उतरेल आणि ती तुमच्यातून जाईल. त्यापेक्षा जोडलेली सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, किंवा ऑडिओच्या वायरीत आयसोलेटर लावा, तो दोन उपकरणांमधला थेट विजेचा जोड तोडून फक्त आवाज पुढे जाऊ देतो.

आपला मेन बंद असतानाही रेडिओ खरखरत असेल, तर शेजाऱ्यांकडे चौकशी करा, नाहीतर वीज कंपनीला कळवा. खांबावरचा सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटरही असाच ओरडतो. तक्रारीत "नेट स्लो आहे" एवढंच लिहू नका. किती वाजता सुरू होतं, किती वेळ टिकतं, पावसात वाढतं का, हे लिहा.