तिघं भेटले, बटण दाबलं आणि अल्बम झाला?

जॅझबद्दलचा एक फॉरवर्ड अधूनमधून येऊन धडकतो. त्याचं सार असं: जुन्या जॅझवाल्यांना तयारी लागत नसे. ओळखदेख नसलेले तिघं स्टुडिओत जमत, सुचेल ते वाजवत, पहिल्या टेकला (म्हणजे पहिल्याच सलग मुद्रणात) एका दिवसात अल्बम पुरा होई आणि मागाहून दुरुस्ती करणं त्यांना पाप वाटे. पुरावा म्हणून बहुधा पियानोवादक बिल एव्हान्सचं त्रिकूट पुढे केलं जातं. नेमकं तेच उदाहरण या दाव्याच्या विरोधात जातं.

आधी ओळखीचं बघू. ड्रमर पॉल मोशन आणि एव्हान्स पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून एकत्र वाजवत होते. एव्हान्सच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरही ड्रम्स मोशनचेच आहेत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ताफा सोडल्यावर १९५९ च्या अखेरीस एव्हान्सला न्यूयॉर्कच्या ‘बेसिन स्ट्रीट ईस्ट’ क्लबमध्ये काम मिळालं. तिथे मुख्य आकर्षण क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचं होतं. एव्हान्सच्या वाट्याला आली सावत्र वागणूक, आणि बेसवाले (बेस म्हणजे खालच्या स्वरांचं मोठं तंतुवाद्य) व ड्रमर एकामागून एक बदलत गेले. त्या गळतीतून जे शेवटी टिकले ते मोशन आणि जवळच दुसरीकडे वाजवणारा, तेविशीतला बेसवादक स्कॉट लाफारो. इतक्यांबरोबर वाजवून झाल्यावर एव्हान्सने हे दोघं ठेवले. याला योगायोगाने झालेली भेट म्हणायचं, तर स्थळं पाहून जमवलेल्या लग्नालाही म्हणावं लागेल.

‘तयारी नव्हती’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवं. स्वतंत्र तालमी हे त्रिकूट फारशा करत नसे. पण क्लबमध्ये एका रात्रीत अनेक सेट वाजवायचे, त्याच ट्यून पुन्हापुन्हा, समोर ग्लास किणकिणत असताना. तालीम ती हीच, फक्त तिचे थोडेफार पैसे मिळत. शिवाय लाफारोचा एकट्याचा रियाज वेड लागल्यासारखा होता. डबल बेस त्याने अठराव्या वर्षी हातात घेतला आणि सातएक वर्षांत त्या अगडबंब वाद्यावर सनईसारख्या ताना घ्यायला लागला. तोवर बेसने सहसा बारला (तालाच्या एका ठरावीक घराला) चार ठोके चालत राहायचं आणि पियानोच्या पायाखालची जमीन धरायची. लाफारो पियानोला उत्तरं द्यायचा, मधेच तोडायचा, गप्पही बसायचा. मोशननेही ताल सतत बडवायचं सोडून तो सुचवायला सुरुवात केली. हे जमायला तिघांच्याही मनात बार चालू असावे लागतात, कोणी मोजून दाखवत नसताना. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: आवर्तन अंगात भिनलेलं नसेल तर समेवर येता येत नाही.

‘सुचेल ते वाजवलं’ या मुद्द्यावर तर ध्वनिमुद्रणच साक्षीला आहे. २८ डिसेंबर १९५९ रोजी त्रिकुटाचा पहिला अल्बम ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ मुद्रित झाला. त्यातल्या ‘ऑटम लीव्ह्ज’चे दोन टेक उपलब्ध आहेत, एक स्टिरिओ आणि एक मोनो. दोन्ही लागोपाठ ऐका. सुरुवातीचा तुकडा तोच, मग धून, मग बेस आणि पियानोची सवालजवाबासारखी जागा. हा आराखडा आधीच ठरलेला होता. सोलोंमधले स्वर मात्र दोन्ही टेकमध्ये वेगळे आहेत. उत्स्फूर्तता आहे, ती ३२ बारच्या ठरलेल्या घरात वावरते. आणि दोन टेक आहेत म्हणजे ‘पहिल्या टेकला’ हा मुद्दाही इथेच निकालात निघाला.

आता ‘एका दिवसात’. हो, ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ एका दिवसात झाला, पुढचा ‘एक्सप्लोरेशन्स’ही २ फेब्रुवारी १९६१ या एका दिवसात. पण यामागे गूढ काही नाही, हिशेब आहे. हे अल्बम काढणारी रिव्हरसाइड ही छोटी रेकॉर्ड कंपनी. एव्हान्सच्या पहिल्या अल्बमच्या वर्षभरात जेमतेम ८०० प्रती खपल्याचं सांगतात. स्टुडिओचं भाडं आणि वादकांचं मानधन तासांवर चढत जाणारं. निर्माता ऑरिन कीपन्यूजला महिनाभर स्टुडिओ अडवून ठेवणं परवडलं नसतं. ज्या दोन दिवसांचं कौतुक चालतं त्यांच्यामध्ये १३ महिने आहेत, आणि फॉरवर्ड लिहिणारा ते मोजत नाही.

तो दुसरा दिवस जादूचा वगैरे तर मुळीच नव्हता. लाफारोचा आवडता बेस दुरुस्तीला गेला होता, म्हणून तो उसन्या वाद्यावर वाजवत होता. एव्हान्सचं डोकं दुखत होतं, दोघांत खटकेही उडाले. सगळं संपल्यावर एव्हान्सला वाटलं, हे बाहेर काढायच्या लायकीचं नाही. मागाहून ऐकल्यावर मत पालटलं आणि पुढे तो त्याच्या आवडत्या अल्बमपैकी एक ठरला. मला स्वतःला ‘नार्डिस’ ही ट्यून याच मुद्रणात सर्वांत जास्त भावतं. उसन्या बेसचा किंचित दबका आवाज तिथे शोभून दिसतो.

स्टुडिओतलं काम वाजवून संपतं असंही नाही. जुलै १९६१ मध्ये लाफारो मोटार अपघातात गेला, अवघा २५ वर्षांचा. एव्हान्सने काही महिने वाजवणं जवळपास थांबवलं. मग चक इझ्रायल्स बेसवर आला, आणि १९६२ च्या मे-जूनमधल्या सेशनमधून एक नव्हे, दोन अल्बम निघाले: संथ चाली ‘मून बीम्स’मध्ये, चपळ चाली ‘हाउ माय हार्ट सिंग्ज’मध्ये. अल्बमची ही वाटणी निवडीतून झाली.

राहता राहिलं दुरुस्तीचं पाप. तिघांनी एकत्र वाजवलेल्या त्या मुद्रणांत एकट्याची चूक उचलून बदलायची सोय नव्हती, म्हणून अख्खा टेक पुन्हा घेत; त्यात तत्त्वाचा प्रश्न कमी, तंत्राचा जास्त. तंत्र हाती आल्यावर याच एव्हान्सने १९६३ मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ’ केला. स्वतःच्या मुद्रित पियानोवर दुसरा पियानो चढवला, त्यावर तिसरा, आणि तेही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला पियानोवादक ग्लेन गूल्डच्या पियानोवर. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि १९६७ मध्ये एव्हान्सने तोच खेळ पुन्हा मांडला.