बीआरटीएस निघाली म्हणजे जाम सुटला? फॉरवर्डवाले काका, जरा थांबा

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर एकच मेसेज परत परत फिरतोय, गणपतीच्या वर्गणीची आठवणसुद्धा इतक्या वेळा येत नाही. त्याचं सार असं की बीआरटीएस (एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई रोडच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी ठेवलेली लेन) म्हणजे नुसती नासाडी होती, बस लेन कायम रिकामी आणि बाकीचे जाममध्ये, अपघात तिच्यामुळेच, कोर्टानेच ती फेल ठरवली, आता रेलिंग निघाली, मेट्रो आली, फ्लायओव्हर होतायत, एबी रोडचा प्रश्न मिटला. खाली अंगठ्यांची रांग. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

"बस लेन रिकामी असायची." हो, दिसायची रिकामी, कारण बस निघून गेलेली असायची! जाममध्ये उभं राहून शेजारी बघितलं की असंच वाटणार. हिशेब करून बघा, दर दोन मिनिटांनी एक बस आणि आत पन्नास माणसं धरली तरी तासाला दीड हजार माणसं त्या लेनमधून गेली, आणि मधली दोन मिनिटं लेन मोकळी दिसली. शेजारच्या लेनमध्ये कारमागे कार, प्रत्येकीत एक नाहीतर दीड माणूस, वर दर चौराह्यावर लाल बत्ती. शहरी रस्त्यांची जी गाइड जगभर वापरतात त्यात गाड्यांच्या एका लेनची क्षमता तासाला ६०० ते १६०० माणसं धरतात आणि बसच्या वेगळ्या लेनची ४००० ते ८०००. आता आपल्याकडे टू-व्हीलर भरपूर, त्यामुळे साध्या लेनचा आकडा थोडा वर जाईल, मान्य. आणि आयबस, म्हणजे त्या लेनमधली बस, त्या वरच्या आकड्यापर्यंत कधी गेली नाही हे पण मान्य, पण मग बस वाढवा म्हणायचं होतं ना, लेन काढा कुठून आलं?

"अपघात बीआरटीएसमुळे." यात थोडं तथ्य आहे. स्टॉप रस्त्याच्या मधोमध, म्हणजे बस पकडायला अर्धा रोड ओलांडायचाच, आणि वळसा नको म्हणून लोक रेलिंगवरून उड्या मारायचे. ही क्रॉसिंगची आणि सिग्नलची चूक आहे, ती सुधारता आली असती. पण रेलिंग गेली म्हणून माणसं रोड ओलांडायचं थांबणार का? आता तर कुठूनही ओलांडतील, आणि कुठलीही गाडी कुठूनही यू-टर्न घेईल.

"कोर्टानेच फेल ठरवली." क्रम बघा फक्त. बीआरटीएस काढणार ही घोषणा मुख्यमंत्री मोहन यादवांनी नोव्हेंबर २०२४ मध्येच केली होती. हायकोर्टाचा आदेश आला फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी, आणि तेव्हा सरकार स्वतःच काढायला तयार होतं, तज्ज्ञ समितीचा अहवाल पण तसाच होता. आताच्या परिस्थितीत उपयोगाची नाही म्हणणं वेगळं आणि २०१३ ला सुरू झाली तेव्हापासूनच फालतू होती म्हणणं वेगळं. मेसेजमध्ये दुसरंच लिहिलंय.

"भोपाळने पण काढली." काढली, २०२४ मध्ये. अहमदाबादची २००९ पासून चालू आहे, ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता खरा मुद्दा, "मेट्रो आली ना". काका, मेट्रोचा नकाशा एकदा उघडून बघा हो. ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, जी सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडोर, साधारण सहा किलोमीटर आणि पाच स्टेशनं. पहिला आठवडा फुकट होता तेव्हा सगळं इंदूर मुलाबाळांसकट सेल्फी काढायला गेलं, तिकीट लागल्यावर गर्दी ओसरली, कारण त्या पट्ट्यात रोज ये-जा करणारी वस्तीच अजून विरळ आहे. बरं, पुढची लाइन होईलच, मेट्रोचा पूर्ण गोल मार्ग तीसेक किलोमीटरचा आहे. पण तो गोल जातो कुठून? विजय नगर, रेडिसन, खजराना, बंगाली चौराहा, पलासिया, मग स्टेशन, राजवाडा, बडा गणपती, एअरपोर्ट. म्हणजे एबी रोडला तो लागतो विजय नगरला आणि पलासियाला, बास. गीता भवन, शिवाजी वाटिका, नवलखा, भंवरकुआं, राजीव गांधी चौराहा, आयबसची ही सगळी दक्षिण बाजू त्यात नाहीच. भंवरकुआंला कोचिंगसाठी खोली घेऊन राहणारी पोरं, एमवाय हॉस्पिटलला जाणारे पेशंटचे नातेवाईक, नवलख्याला बाहेरगावच्या बसमधून उतरणारे, यांनी मेट्रो पकडायला आधी पलासियाला जायचं का? आणि जायचं कशाने? निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, आयबसचं हे अकरा-साडेअकरा किलोमीटर सरळ रेषेत जायचं काम एक गोल कसं करणार, हे कोणीतरी मला समजावून सांगा.

"फ्लायओव्हर झाले की झालं." भंवरकुआंला झाला, वरून गाडी सुटते आणि पुढच्या चौराह्यावर उभी राहते. एलआयजी चौराहा ते नवलखा एलिव्हेटेड कॉरिडोर तर किती वर्षं ऐकतोय. त्यावरून कार जाईल, बसची सवारी उतरणार कुठे? आणि रेलिंग काढून खाली जी जागा मिळेल तिथे काय होईल ते राजवाड्याच्या आसपास बघून घ्या, जिथे रुंद केलं तिथे पार्किंग झालं.

"नासाडी" या शब्दावर मी फार बोलणार नाही, फक्त एवढंच की याच शहरात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने दिले होते, साडेचार टक्के व्याजाने. तेव्हाचे एक कोटी! त्यांना पण कोणीतरी म्हणालाच असेल की सगळ्यांकडे बैलगाड्या आहेत.

शेवटचा, "बस बंद थोडीच झालीय, लेन गेली फक्त". इथेच गोम आहे. जुन्या स्टॉपवर तिकीट आधीच काढलेलं असायचं, प्लॅटफॉर्म बसच्या फ्लोअरच्या उंचीचा, दार उघडलं की आजी सरळ पाऊल टाकून आत, पायरी नाहीच. आता साइडला बस पकडायची म्हणजे पुढे ई-रिक्शा आडवी, मागे ऑटो, बस लेनच्या मधेच थांबते, आजी एका हाताने पिशवी आणि एका हाताने दांडा धरून गुडघा वर उचलतेय आणि मागचे हॉर्न मारतायत. ती बस आता त्याच जाममध्ये उभी असते, मग ज्याला जमेल तो लोनवर अॅक्टिव्हा घेतो, त्याच्यामुळे जाम अजून वाढतो, आणि ग्रुपवर परत मेसेज येतो की इंदूरमध्ये लोक बसमध्ये बसतच नाहीत.

रेलिंग परत लावा असं मी म्हणत नाहीये, ती गाडी गेली. पण डाव्या कडेला बससाठी पट्टा आखून द्या, त्यात पार्किंग दिसलं की क्रेन लावा, आणि जुन्या स्टॉपसारखे उंच प्लॅटफॉर्म कडेला बांधा, एवढं नगर निगमकडे मागता येतं. पुढचा मेसेज याचा फिरवा.