बारा जणांचं 'हो सर'

आमच्या मालकांचं एकदा म्हैसूरला जाणं झालं आणि तिथून येताना लोक म्हैसूरपाक आणतात तसे हे ॲकॅडमीची आयडिया घेऊन आले. (सॉफ्टवेअर कंपनी असली तरी आमच्या सोलापुरात बॉसला मालकच म्हणतात, सीईओ म्हटलं की ते मागं वळून बघतात कोण आलं म्हणून.) इन्फोसिसचं ते तीनशे एकरांच्या वरचं ट्रेनिंग कॅम्पस त्यांनी गेटबाहेरनं, तेही चालत्या रिक्षातून बघितलं आणि ठरवलं की आपल्याकडे पण हे पाहिजे. आता आमच्याकडे तीनशे एकर नव्हते. वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिच्यात मेलेले डबा मॉनिटर, फुगलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर होतं. मखर सोडून बाकी सगळं भंगारात गेलं आणि ॲकॅडमी उभी राहिली. फ्लेक्स मात्र तीन दिवस आधीच लागला होता. त्यावर मालकांचा फोटो मोठा, लॅपटॉपचा फोटो लहान आणि 'ॲकॅडमी'चं स्पेलिंग असं की त्यापेक्षा 'क्लासेस' लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

शिकवायला कोण, तर मी. कारण मी चौदा वर्षं हिंजवडीत काढून २०२० मध्ये बॅगा भरून घरी आलेला माणूस, म्हणजे मालकांच्या हिशेबानं मला सगळं येतं. हे खोटं आहे हे मला माहीत होतं पण ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथनंच सुरू झाला म्हणा ना.

बॅच मे महिन्यात सुरू. बारा जण. बार्शीचा एक, मोहोळचा एक, अक्कलकोटचे दोन, बाकी गावातले, कोण जुळे सोलापूरचं, कोण विजापूर रोडचं, आणि अशोक चौकाच्या मागनं येणारी एक मुलगी जी घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि लॅपटॉपशी अजून तिसऱ्याच कुठल्या तरी भाषेत बोलायची. बाहेर ४३ डिग्री. खोलीत एसी होता पण एसी आणि बारा लॅपटॉप एकदम लावले की फ्यूज उडायचा, त्यामुळं रोज सकाळी मतदान, शिकायचं का गार बसायचं.

पहिल्याच दिवशी मी व्हेरिएबल (कोडमध्ये किंमत ठेवायचा नाव दिलेला डबा) म्हणजे काय ते तासभर सांगितलं, घसा कोरडा पडला, मग विचारलं, "समजलं का?"

"हो सर!"

बारा जण, एका सुरात, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. मला काय वाटलं सांगू, मी म्हटलं अरे आपण जन्मजात मास्तर आहोत. मग म्हटलं, चला, आता एक व्हेरिएबल बनवा. शांतता. पंख्याचा आवाज. बार्शीच्या पोरानं पेन काढून वहीत व्यवस्थित 'व्हेरिएबल' असं लिहिलं आणि खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या.

तर हे 'हो सर' म्हणजे काय हे समजायला मला तीन आठवडे लागले. त्याचा आणि समजण्याचा काही संबंध नसतो. 'हो सर' म्हणजे 'तुम्ही बोलायचं थांबलात हे आमच्या लक्षात आलं'. बस, एवढंच. खरं काय समजलं नाही ते रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर कळायचं. 'सर एरर येतोय.' बरं, कुठला एरर? तर लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलनं काढलेला फोटो, तो पण तिरका, त्यात एरर अर्धा, आणि शेजारी ताटलीतली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी स्पष्ट फोकसमध्ये. एकदा एकाचं एस हे बटणच उठेना, उलटा करून झाडला तर चटणीच निघाली. तेलकट हातानं कोड लिहू नये हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं.

सुट्ट्यांचं कारण एकच. "सर आज पाणी आहे." ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला धडधाकट माणूस पाईप, मोटर, टाकी आणि हंडे यांच्या ड्युटीवर असतो. हे असं कारण आहे की त्यावर देवही काही बोलू शकत नाही. रोज सकाळी उभं राहून जी मीटिंग घ्यायची असते, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, ती आमच्याकडं अशी व्हायची की काल पाणी भरलं, आज झोपणार, अडचण पुढच्या गुरुवारी.

पण याच पाण्यानं मला एकदा वाचवलं. नल शिकवत होतो. आता नल म्हणजे शून्य नाही, रिकामं पण नाही, तिथं काहीच नाही, आणि त्या 'काहीच नाही'ला तुम्ही काम सांगायला गेलात की प्रोग्राम उताणा. ही कल्पना टोनी होर नावाच्या मोठ्या माणसानं १९६५ मध्ये काढली आणि २००९ मध्ये स्वतःच कबूल केलं की ती माझी अब्ज डॉलरची चूक होती. हे सगळं मी सांगितलं. हो सर. मग मला कळलं की ह्यांना होर नको, हंडा पाहिजे. म्हटलं, बघा, नळाला पाणी आलं नाही, हे शून्य. आणि भिंतीवर नळच नाही, तरी आई म्हणते जा बाळा चावी सोड, हे नल. अख्खा वर्ग हसला आणि त्या दिवसापासून एकालाही नल चुकला नाही. फक्त सगळे त्याला नळच म्हणायला लागले. पुढं एकानं पुण्याच्या इंटरव्ह्यूत 'नळ पॉइंटर' असं म्हटलं आणि समोरचा पंढरपूरचा निघाला म्हणून निभावलं.

गिटचं काय सांगू. गिट म्हणजे कोडमध्ये कुणी काय बदललं ते सांभाळणारं सॉफ्टवेअर. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहिलं ते लिनक्सवर काम करणाऱ्या जगभरातल्या लोकांना एकमेकांच्या कोडवर पाय न देता काम करता यावं म्हणून. आमच्या बारा जणांनी त्याच गिटमध्ये असा चिखल केला की यंव. दोघांनी एकच ओळ बदलली की गिट मधोमध खुणा टाकून विचारतं, ह्याचं ठेवू का त्याचं, आणि वर 'हेड' असं लिहितं. अक्कलकोटच्या पोरानं मला हळूच येऊन विचारलं, "सर, हे हेड कोण आहेत? त्यांना विचारू का?" आणि मोहोळच्या पोरानं तर एका शुक्रवारी दोन आठवड्यांचं सगळ्यांचं काम साफ केलं. मी डोकं धरून बसलो, म्हटलं काय केलंस बे? तर तो शांतपणे म्हणाला, "सर, नुसतं ढकललं तर जाईना की ओ. म्हणून जोर लावला." आपला कोड सगळ्यांच्या कोडमध्ये ढकलायच्या कमांडमध्ये फोर्स असा शब्द दिसला, गडी तालमीतला, त्यानं लावला. वाचलो कशामुळं, तर अक्कलकोटच्या दुसऱ्यानं चार दिवस आळसानं नवीन कोड घेतलाच नव्हता, त्याच्या लॅपटॉपवर सगळं जुनं जसंच्या तसं होतं. कंपनीत बॅकअपचा खर्च मालक करत नाहीत ते उगाच नाही.

एआयचं लांबवत नाही. एकाच्या फाईलीत पहिलीच ओळ इंग्रजीत 'नक्कीच, हा घ्या तुमचा सुधारलेला कोड' अशी होती आणि तरी तो म्हणत होता मीच लिहिलाय सर, आईशप्पथ.

आता ती अशोक चौकाची मुलगी. बारा जणांत प्रश्न विचारणारी ती एकटीच. बाकीचे हो सर म्हणायचे तेव्हा ती 'हो' म्हणायची, पण पुढं 'पण' असायचं. मी ॲरे, म्हणजे कोडमधली ओळीनं मांडलेली यादी, शिकवताना म्हटलं मोजायचं शून्यापासून. ती म्हणाली, "सर, का?" म्हटलं, तळमजला असतो ना, तसं. "मग सगळंच शून्यापासून का सर? महिने पण? वार पण?" तेवढ्यात फ्यूज उडाला आणि मी म्हटलं ते नंतर बघू. हे वाक्य लक्षात ठेवा.

लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणं, शिकवायच्या दिवशी मात्र तिनं मलाच शिकवलं. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर. ती म्हणाली सर हे तर जेकार्ड आहे. मागाच्या वर पुठ्ठ्याची कार्डं एकाला एक बांधून साखळी केलेली असते, भोक आलं की तिथला धागा वर उचलतो, भोक नसलं की खालीच राहतो, आणि शेवटचं कार्ड झालं की परत पहिलं, म्हणून चादरीवर तीच नक्षी परत परत येते. "एक कार्ड मागंपुढं लागलं ना सर, तर मोराची मान तुटते, मग पप्पा रात्रभर शोधत बसतात कुठलं ते." म्हणजे डीबगिंग, कोडमधली चूक शोधणं. मला पुस्तकातलं माहीत होतं की फ्रान्सच्या जाकारनं (त्याच्याच नावावरनं जेकार्ड) १८०४ च्या सुमाराला हे यंत्र काढलं, बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी कार्डांची कल्पना त्यावरनं घेतली आणि त्याच्याकडं जाकारचं एक रेशमात विणलेलं चित्र होतं ज्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. हे सगळं मी इंजिनिअरिंगला घोकून पास झालो आणि चाळीस वर्षं सोलापुरी चादर पांघरून झोपलो, पण ह्या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. मी पण कधीतरी कुणाला तरी हो सर म्हटलं असणार.

ऑगस्टमध्ये शेवटचा प्रोजेक्ट. मालकांची आयडिया, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी ॲप, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा बघा, जाता जाता शेतात हुरडा खा, राहायचं-खायचं सगळं एका बटणावर. पोरांनी खरंच मर मर काम केलं. डेमोला मालक सहकुटुंब आले. सांगायचं म्हणजे मालक दर वर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालणारे, यात्रेच्या बाबतीत त्यांच्यासमोर नारळ कुठनं फोडायचा ते पण चुकून चालत नाही. बार्शीच्या पोरानं ऐटीत बटण दाबलं. स्क्रीनवर सिद्धेश्वर तलावाचा सुंदर फोटो आला आणि खाली मोठ्या अक्षरात, 'संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा: १४ फेब्रुवारी'.

कुणी काही बोलेना. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "अगंबाई, व्हॅलेंटाइनला?"

साक्षात सिद्धरामेश्वरांचं लग्न आम्ही एक महिना पुढं ढकललं होतं. हुरडा पार्ट्या पण सगळ्या फेब्रुवारीच्या शेवटाला, म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांना हुरड्याऐवजी काढून पडलेली ज्वारी आणि कडबा खायला मिळाला असता. झालं होतं असं की जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषेत तारीख बनवताना महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. तारीख मात्र एकपासूनच. पोरांनी सरळ मनानं जानेवारीला एक लिहिलं होतं, कुठल्याही शहाण्या माणसानं तेच लिहिलं असतं.

मी आवाज चढवून म्हटलं, "अरे मी शिकवलं होतं ना हे?"

अकरा जण म्हणाले, "हो सर."

मागनं आवाज आला, "नाही सर. मी विचारलं होतं, महिने पण का म्हणून. तुम्ही म्हणालात नंतर बघू."

मालकांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून विसरलो नाही.

त्या बॅचमधले पाच जण दिवाळीच्या आत सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले. मधेच नोकरी सोडायची नाही असा बाँड होता, पण तो ज्या फोल्डरमध्ये होता त्यावर मोहोळच्या पोरानं जोर लावला होता. ती मुलगी राहिली, आता माझा कोड तपासते, आणि तपासताना तोंडानं काही बोलत नाही, नुसतं 'पण' एवढंच टाईप करून ठेवते, मग मी रात्रभर शोधत बसतो कुठलं कार्ड ते.

परवा मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले पुढची बॅच चोवीसची, तीन महिन्यांऐवजी दीड महिन्यात, खोली तीच, मखर काढून टाकू, निम्मं एआय शिकवेल, उरलेलं क्लाउडवर टाका, आणि रिझल्ट डबल पाहिजे, कळलं ना सगळं?

क्लाउडवर नक्की काय टाकायचं, पोरं का मखर, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण बाहेर तिची सावली दिसली काचेतनं, आणि तेवढ्यात घरनं फोन वाजला.

"हो मालक," म्हटलं, "आणि उद्या हाफ डे पाहिजे होता. पाणी आहे."